वाचकांचे प्रश्न : १६ एप्रिल, ८ सप्टेंबर आणि काही ब्रिटिश वाढदिवस

एकाच तारखेला जन्मलेल्या नामवंत ब्रिटिश व्यक्तींविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. पण त्या पत्रातील धागा पुढच्या बहुतेक प्रश्नांपर्यंत पोहोचतो.

प्रश्न : आमच्या नगरमध्ये जन्मलेले विनोदकार स्पाइक मिलिगन आणि चार्ली चॅप्लिन या दोघांचाही वाढदिवस १६ एप्रिलला येतो. मिलिगन यांच्याबरोबर रेडिओवर ‘द गून शो’ हा कार्यक्रम करणारे पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम यांचाही वाढदिवस एकच, म्हणजे ८ सप्टेंबर, असे वाचनात आले. हे खरे आहे, की कोणी जुळवून आणलेली गोष्ट आहे? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : दोन्ही जोड्या प्रचलित चरित्रकोशांनुसार बरोबर आहेत. मात्र दुसरी जोडी जितकी पक्की आहे तितकी पहिली नाही, आणि तिच्यातील कच्चा दुवा मिलिगन नसून चॅप्लिन आहेत.

टेरेन्स ॲलन मिलिगन, ज्यांना पुढे जग स्पाइक म्हणून ओळखू लागले, त्यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर येथे झाला. वडील लिओ मिलिगन ब्रिटिश हिंदी सैन्यात होते आणि मूळचे आयर्लंडचे होते. आई इंग्रज होती. स्पाइक यांचे बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेले, आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी हे कुटुंब इंग्लंडला परतले. ‘द गून शो’ बीबीसीवर मे १९५१ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी १९६० पर्यंत चालला. त्याचे बहुतांश लेखन मिलिगन यांचे होते, आणि त्या लेखनाच्या ताणाने त्यांच्या मनःस्वास्थ्यावर जो आघात झाला, त्याविषयी ते स्वतः पुढे उघडपणे बोलत असत.

त्यांचे दोन सहकारी एकाच तारखेचे, हे निःशंकपणे सांगता येते. हॅरी सीकोम यांचा जन्म ८ सप्टेंबर १९२१ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे झाला, तर पीटर सेलर्स यांचा जन्म बरोबर चार वर्षांनी, ८ सप्टेंबर १९२५ रोजी, पोर्ट्समथमधील साउथसी येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात सेलर्स ब्रिटिश हवाई दलाच्या करमणूक पथकाबरोबर भारतातही येऊन गेले होते. (पुढे त्यांनी पडद्यावर रंगवलेले भारतीय नमुने आज पाहताना अवघडल्यासारखे होते, हा भाग वेगळा.) सुरुवातीच्या काळात या मंडळींत चौथे होते मायकेल बेंटाइन. त्यांचा जन्म २६ जानेवारी १९२२ चा असल्यामुळे त्यांची तारीख आपल्या वाचकांना वेगळी लक्षात ठेवण्याची गरज नाही.

आता चॅप्लिन यांच्याविषयी. त्यांनी स्वतः आपला जन्म १६ एप्रिल १८८९ रोजी लंडनच्या दक्षिण भागातील वॉलवर्थमध्ये, ईस्ट स्ट्रीटवर झाल्याचे सांगितले आहे, आणि जगभर हीच तारीख मानली जाते. तथापि त्यांच्या जन्माचा सरकारी दाखला आजवर सापडलेला नाही. इंग्लंडमध्ये आणि वेल्समध्ये जन्मनोंदणीची सरकारी व्यवस्था १८३७ पासून सुरू होती. म्हणजे चॅप्लिन जन्मले तेव्हा ती पन्नास वर्षांहून जुनी झाली होती आणि दाखला असायला हवा होता. १९५०च्या दशकात अमेरिकी सरकारला चॅप्लिन यांच्या राजकीय मतांविषयी संशय आला, तेव्हा अमेरिकेच्या विनंतीवरून ब्रिटनच्या एमआय५ या गुप्तचर संस्थेने लंडनच्या सॉमरसेट हाउसमधील नोंदी धुंडाळल्या, पण तिच्याही हाती काही लागले नाही. त्यापेक्षा मौजेची गोष्ट अशी की, चॅप्लिन यांचे आईवडील दोघेही म्युझिक हॉलच्या रंगमंचावर काम करणारे कलावंत असल्यामुळे त्या व्यवसायाच्या ‘द मॅग्नेट’ नावाच्या पत्रात मे १८८९ मध्ये मुलगा झाल्याची वार्ता छापून आली होती, आणि तीत तारीख दिली होती ती आदल्या महिन्याच्या १५ची. वार्ता मुद्दाम खोटी देण्याचे काही कारण दिसत नाही. उलट, घरात सांगितली जाणारी तारीख एका दिवसाने सरकणे ही रात्री होणाऱ्या जन्मांच्या बाबतीत अगदी नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा मिलिगन आणि चॅप्लिन यांचा वाढदिवस एकच ‘मानला जातो’, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल.

१६ एप्रिलची यादी एवढ्यावर संपत नाही. अभिनेते, लेखक आणि बहुभाषी किस्सेकार पीटर उस्तिनोव्ह यांचा जन्म १६ एप्रिल १९२१ रोजी लंडनमध्ये झाला, कादंबरीकार किंग्सली एमिस १६ एप्रिल १९२२ चे, आणि गायिका डस्टी स्प्रिंगफिल्ड १६ एप्रिल १९३९ च्या. यांपैकी उस्तिनोव्ह यांचे नाव भारतीय वाचकांच्या स्मरणात एका दुःखद प्रसंगामुळे असू शकेल. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी इंदिरा गांधी आपल्या निवासस्थानातून चालत निघाल्या होत्या, त्या उस्तिनोव्ह यांना चित्रफितीसाठी मुलाखत देण्यासाठीच. आणि त्या वाटेवरच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या.

पत्रलेखकांनी विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. मिलिगन यांना ‘ब्रिटिश’ या यादीत घालावे का, हा प्रश्न खुद्द ब्रिटनमध्येच एकदा निघाला होता. जन्म भारतातला आणि वडील आयरिश या कारणाने १९६०च्या दशकाच्या आरंभी त्यांना ब्रिटिश पासपोर्ट मिळण्यात अडचण आली, आणि ब्रिटिश सैन्यातून महायुद्ध लढलेल्या या माणसाने आयरिश नागरिकत्व घेतले. त्यामुळेच २००१ मध्ये त्यांना मिळालेला ‘नाइट’ हा किताब मानद होता, आणि चॅप्लिन, उस्तिनोव्ह किंवा सीकोम यांच्याप्रमाणे त्यांना नावामागे ‘सर’ लावता आले नाही. नगरकरांनी त्यांच्यावर हक्क सांगायचा म्हटले, तर या वादात तिसरा पक्ष उभा राहील एवढेच.

प्रश्न : चार जणांच्या एका छोट्या चमूत दोघांचा वाढदिवस एकच असावा, ही गणिताच्या दृष्टीने असामान्य गोष्ट नव्हे काय? प्रसिद्ध व्यक्तींच्या बाबतीत असे योग अधिक आढळतात, असे वाटते. (गणिताच्या एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : चार जणांपुरते बोलायचे तर योग दुर्मिळ आहे, पण थक्क होण्याइतका नाही. चार माणसांत सहा जोड्या होतात, आणि वर्षाचे ३६५ दिवस सारख्याच शक्यतेचे धरले तर त्यांपैकी निदान एका जोडीची तारीख जुळण्याची शक्यता सुमारे १.६ टक्के, म्हणजे साधारण साठात एक, इतकी येते. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकात विनोदकारांचे असे किती चमू होऊन गेले याचा विचार केला, तर त्यांतल्या एखाद्या चमूत असे घडणे हे न घडण्यापेक्षा अधिक संभवनीय म्हणावे लागेल.

माणसे वाढतात त्यापेक्षा जोड्या फार वेगाने वाढतात, हे या गणिताचे मर्म आहे. २३ माणसांत २५३ जोड्या होतात, आणि तेवढ्यावरच कोणत्या तरी दोघांची तारीख जुळण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या पुढे, ५०.७ टक्क्यांवर जाते. क्रिकेटच्या मैदानावर उतरणारे दोन्ही संघांचे २२ खेळाडू आणि दोन पंच मिळून २४ होतात; म्हणजे निम्म्याहून अधिक सामन्यांत त्यांच्यापैकी कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. ५७ माणसांवर ही शक्यता ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचते.

हे पडताळून पाहायला ब्रिटनच्या पंतप्रधानांची यादी सोयीची आहे. वॉलपोल यांच्यापासून कीर स्टार्मर यांच्यापर्यंत ५८ व्यक्तींनी हे पद सांभाळले. त्यांपैकी दुसरे, लॉर्ड विल्मिंग्टन, यांची जन्मतारीख ज्ञात नाही. म्हणजे उरले बरोबर ५७. गणित म्हणते की जोडी सापडायलाच हवी, आणि ती सापडते : डर्बीचे चौदावे अर्ल एडवर्ड स्टॅन्ली यांचा जन्म २९ मार्च १७९९ चा, आणि जॉन मेजर यांचा २९ मार्च १९४३ चा. लॉर्ड डर्बी तीनदा पंतप्रधान झाले, पण इंग्लंडबाहेर त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. तथापि १८५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या हातून हिंदुस्थानचा कारभार काढून तो राणीच्या नावे करणारा कायदा झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत, हे लक्षात घेतले तर हा विस्मृतीत गेलेला गृहस्थ आपल्या इतिहासाच्या दृष्टीने मेजर यांच्यापेक्षा कितीतरी मोठा ठरतो.

येथे एक गफलत टाळली पाहिजे, कारण पत्रात ती डोकावते. ‘कोणत्याही दोघांची तारीख जुळणे’ आणि ‘माझ्याच तारखेचा कोणी सापडणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठरावीक तारखेचा निदान एक माणूस मिळण्याची शक्यता निम्म्यापर्यंत न्यायला २३ नव्हे, तर २५३ माणसे लागतात. प्रसिद्ध व्यक्तींच्या बाबतीत योग अधिक दिसतात, ते त्यांच्या जन्मतारखा छापून येतात म्हणून. आपल्या आळीतील माणसांच्या तारखांची यादी कोणी करत नाही, नाहीतर तीतही जोड्या निघाल्या असत्या. शिवाय जन्म वर्षभर समान विखुरलेले नसतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात सर्वाधिक बाळे जन्मतात आणि नाताळच्या दोन दिवसांत सर्वांत कमी. सप्टेंबरमधून नऊ महिने मागे मोजले, तर या गर्दीचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही. अशा असमानतेमुळे तारखा जुळण्याची शक्यता थोडी वाढतेच, कमी होत नाही.

प्रश्न : पहिल्या महायुद्धावर कविता लिहिणारे सीगफ्रीड ससून हे पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या ससूनांपैकीच का? त्यांचा जन्मदिवसही ८ सप्टेंबर असल्याचे समजते. त्या दिवशी आणखी कोणी ब्रिटिश नामवंत जन्मले आहेत काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : होय, ते त्याच घराण्यातील. बगदादहून मुंबईत येऊन स्थायिक झालेले डेव्हिड ससून हे सीगफ्रीड यांचे पणजोबा. पुण्याच्या रुग्णालयाला त्यांच्याच देणगीमुळे त्यांचे नाव मिळाले, आणि पुण्यातील लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या, आवारात त्यांची समाधी आहे. कुलाब्याचा ससून डॉक त्यांचे पुत्र अल्बर्ट यांनी बांधवला. दुसरे एक पुत्र, ससून डेव्हिड ससून, इंग्लंडला गेले, आणि त्यांचे पुत्र आल्फ्रेड यांनी ज्यू धर्माबाहेर, थॉर्निक्रॉफ्ट या शिल्पकारांच्या घराण्यातील टेरेसा यांच्याशी विवाह केला. घरच्यांना तो विवाह रुचला नाही, आणि आल्फ्रेड यांच्याशी घराण्याने संबंध तोडले. या दांपत्याच्या पोटी सीगफ्रीड यांचा जन्म ८ सप्टेंबर १८८६ रोजी केंटमधील मॅटफिल्ड येथे झाला. त्यामुळे अफाट ससून संपत्तीशी त्यांचा संबंध आडनावापुरताच उरला होता, असे म्हटले तरी चालेल. आघाडीवरील शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळवलेल्या या अधिकाऱ्याने १९१७ मध्ये युद्ध विनाकारण लांबवले जात असल्याचे जाहीर निवेदन काढले, तेव्हा लष्कराने त्यांच्यावर खटला भरण्याऐवजी त्यांना मनोरुग्ण ठरवून एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात पाठवले.

८ सप्टेंबर म्हटले की मराठी वाचकाला आधी १९३३ साली सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले आठवणार, हे उघड आहे. पण प्रश्न ब्रिटिश व्यक्तींचा आहे. सेलर्स आणि सीकोम वर आलेच. त्यांच्याखेरीज संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांचा जन्म ८ सप्टेंबर १९३४ रोजी सॅलफर्ड येथे झाला. आणि या तारखेचे सर्वांत जुने मानकरी म्हणजे ‘सिंहहृदयी’ म्हणून ओळखला जाणारा इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड. त्याचा जन्म ८ सप्टेंबर ११५७ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला.

बाराव्या शतकातील मुलाची जन्मतारीख इतकी नेमकी कशी टिकली, असे कोणीही विचारील. त्या काळी राजपुत्रांच्या तारखासुद्धा पुष्कळदा हरवलेल्या आहेत. पण ८ सप्टेंबर हा ख्रिस्ती पंचांगात मेरीमातेच्या जन्माचा सण आहे. बांद्र्याची माउंट मेरीची जत्रा याच सणाला धरून भरते, आणि गोव्यातही तो घरोघर साजरा होतो. मठांत बसून इतिवृत्ते लिहिणाऱ्यांच्या लेखी एवढ्या मोठ्या सणाला राजाच्या घरी पुत्र होणे ही लिहून ठेवण्याजोगीच गोष्ट होती.

रिचर्डच्या तारखेला आणखी एक जोड आहे, आणि मला ती या संपूर्ण विषयातील सर्वांत सुंदर वाटते. त्याच रात्री सेंट ऑल्बन्स येथे होडिएर्ना नावाच्या स्त्रीला मुलगा झाला, आणि तिला राजपुत्राची दाई म्हणून नेमण्यात आले. तिने दोन्ही मुलांना अंगावर पाजले, असे परंपरा सांगते. म्हणजे रिचर्डचा हा दूधभाऊ एकाच दिवशी आणि एकाच वर्षी जन्मलेला. त्याचे नाव अलेक्झांडर नेकम. रिचर्ड तलवार घेऊन धर्मयुद्धावर गेला. नेकम पॅरिसला जाऊन शिकला, तेथेच शिकवू लागला आणि पुढे इंग्लंडमधील सायरनसेस्टर येथील मठाचा मुख्य झाला. खलाशी दिशा ओळखण्यासाठी चुंबकसूचीचा उपयोग करतात, याचा युरोपातील सर्वांत जुना ज्ञात उल्लेख याच नेकमच्या लेखनात येतो. रिचर्ड राजा झाल्यावर होडिएर्नाला विसरला नाही. तिला त्याने विल्टशायरमध्ये जमीन दिली. राजाचे पुतळे उभे राहिले आणि नेकम विद्वानांच्या तळटीपांत उरला. पण समुद्राने जग जोडले जाण्याच्या दृष्टीने कोणाचे काम अधिक टिकाऊ ठरले, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही.

प्रश्न : राजे चार्ल्स आणि पंडित नेहरू यांचा वाढदिवस १४ नोव्हेंबर हाच आहे, तर मग येथे राजाचा वाढदिवस जूनमध्ये का साजरा होतो? तसेच तिसऱ्या जॉर्जची जन्मतारीख काही पुस्तकांत २४ मे, तर काहींत ४ जून अशी का आढळते? (एक मराठी वाचक, लंडन)

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. तेथील राजाला दोन वाढदिवस असतात : एक जन्माचा आणि एक समारंभाचा. जूनमधील एका शनिवारी लंडनमध्ये लष्कराचे जे भव्य संचलन होते, ते या दुसऱ्या, अधिकृत वाढदिवसाचे. सातव्या एडवर्डचा जन्म ९ नोव्हेंबरचा होता, आणि लंडनच्या नोव्हेंबरात उघड्यावर संचलन करणे म्हणजे पावसात आणि धुक्यात भिजणे. म्हणून त्याच्या कारकिर्दीत समारंभ उन्हाळ्यात घेण्याची पद्धत रुजली. चार्ल्स यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९४८ चा असल्यामुळे त्यांनाही ती सोयीचीच आहे. त्याच तारखेला, १७९७ मध्ये, स्कॉटलंडमधील भूवैज्ञानिक चार्ल्स लायल यांचा जन्म झाला. पृथ्वीचे रूप बदलणाऱ्या प्रक्रिया संथपणे आणि अखंड चालू असतात, हा त्यांचा सिद्धांत तरुण डार्विनला मोलाचा ठरला. आणि वर आलेल्या ‘द गून शो’चे एक निस्सीम चाहते म्हणजे हेच राजे चार्ल्स.

दुसऱ्या भागाचे उत्तर पंचांगात आहे. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये सुधारलेले पंचांग इटली, स्पेन आदी कॅथलिक देशांनी लगेच स्वीकारले, पण प्रॉटेस्टंट इंग्लंडने ते जवळजवळ पावणेदोनशे वर्षे नाकारले आणि जुन्या ज्युलियन पंचांगावर कारभार चालवला. सतराव्या शतकात या दोन पंचांगांत दहा दिवसांचे अंतर होते, अठराव्या शतकात अकरा दिवसांचे. अखेर १७५२ मध्ये ब्रिटनने बदल केला, तेव्हा २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर एकदम १४ सप्टेंबरचा गुरुवार आला. वयाचे हक्क मात्र कोणालाही अकरा दिवस आधी मिळू नयेत, अशी तरतूद त्या कायद्यात होती. वयाची एकवीस वर्षे प्रत्यक्ष दिवस मोजूनच पुरी व्हायची होती. म्हणून अनेकांनी आपला वाढदिवस अकरा दिवस पुढे नेला. कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांचा ७ सप्टेंबरचा वाढदिवस असाच १८ सप्टेंबरवर गेला, आणि बदलाच्या वेळी चौदा वर्षांचा असलेल्या युवराज जॉर्जचा २४ मे १७३८ चा जन्म ४ जूनला साजरा होऊ लागला. ईटनच्या शाळेत ‘४ जून’ हा उत्सवदिन पुढेही चालू राहिला, तो याच राजाच्या स्मरणार्थ.

यातून एक गमतीची जोडी निघते. जॉर्जची नात व्हिक्टोरिया राणी हिचा जन्म २४ मे १८१९ चा. आजोबांचा जन्म झाला त्या दिवशी इंग्लंडमधील दिनदर्शिका २४ मे दाखवत होती, आणि नातीचा जन्म झाला त्या दिवशीही ती २४ मेच दाखवत होती. तरीही दोघांचा वाढदिवस कधीच एका दिवशी साजरा झाला नाही. हाच निकष उलट बाजूने लावला, तर १६ एप्रिलच्या यादीत नेहमी घातले जाणारे हॅन्स स्लोन मागे पडतात. ज्यांच्या संग्रहातून ब्रिटिश म्युझियम उभे राहिले, ते हे वैद्य १६६० मध्ये जुन्या पंचांगाच्या १६ एप्रिलला जन्मले. नव्या हिशेबाने तो दिवस २६ एप्रिल होतो, आणि चॅप्लिन यांच्याशी त्यांची जोडी जुळत नाही. रिचर्ड आणि सेलर्स यांच्या बाबतीतही हीच अडचण आहे, मात्र मध्ययुगातील तारखा जुन्याच पंचांगाने सांगण्याची इतिहासकारांची रीत असल्यामुळे ती सहसा कोणी काढत नाही. तारीख की तिथी हा शिवजयंतीचा वाद आपल्याला परिचित आहेच. त्यातली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखसुद्धा ज्युलियन पंचांगाची आहे, हे मात्र वाद घालणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

प्रश्न : स्टीफन हॉकिंग यांचा जन्म गॅलिलिओच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशे वर्षांनी झाला, आणि गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटनचा जन्म झाला, असे शाळेत सांगितले जाते. हे बरोबर आहे का? ८ जानेवारीला जन्मलेले आणखी कोण आहेत? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : पहिले विधान बरोबर, दुसरे चूक. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ चा, आणि ती तारीख नव्या पंचांगाची आहे, कारण इटलीने ते केव्हाच स्वीकारले होते. हॉकिंग यांचा जन्म ऑक्सफर्डमध्ये ८ जानेवारी १९४२ रोजी झाला. न्यूटनचा जन्म मात्र इंग्लंडच्या जुन्या पंचांगाने २५ डिसेंबर १६४२ चा आहे. गॅलिलिओची तारीख ज्या पंचांगाची, त्याच पंचांगाने मोजले तर तो दिवस ४ जानेवारी १६४३ होतो आणि वर्ष निसटते. दोन देशांतील दोन पंचांगांच्या तारखा एकाच रांगेत लावल्या की असे योग हवे तितके तयार करता येतात.

स्वतः हॉकिंग आपल्या तीनशे वर्षांच्या योगाचा उल्लेख करत, पण लगेच असेही म्हणत की, त्या दिवशी आपल्याबरोबर जगात आणखी सुमारे दोन लाख बाळे जन्मली असावीत. ८ जानेवारीची ब्रिटिश यादी खरोखर भरगच्च आहे. डार्विनपासून स्वतंत्रपणे नैसर्गिक निवडीच्या तत्त्वापर्यंत पोहोचलेले आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचा जन्म त्या दिवशी १८२३ मध्ये वेल्समधील अस्क गावाजवळ झाला, आणि पुढच्याच वर्षी, १८२४ मध्ये, त्याच तारखेला लंडनमध्ये कादंबरीकार विल्की कॉलिन्स जन्मले. गायिका शर्ली बॅसी १९३७ मधील, आणि गायक डेव्हिड बोवी १९४७ मधील. या पाचही तारखा १७५२ नंतरच्या आहेत, त्यामुळे त्यांत पंचांगाची भानगड नाही.

याच्या उलट २३ एप्रिल. शेक्सपिअर आणि चित्रकार टर्नर यांचा तो वाढदिवस म्हणून सगळीकडे छापला जातो, पण दोघांच्याही जन्माची समकालीन नोंद नाही; आहेत त्या चर्चमधील नामकरणाच्या नोंदी, शेक्सपिअरची २६ एप्रिल १५६४ ची आणि टर्नरची १४ मे १७७५ ची. शेक्सपिअरच्या बाबतीत तीन दिवस मागे जाण्याचा तर्क पुढच्या अभ्यासकांनी केला, आणि टर्नर स्वतः २३ एप्रिल सांगत असे. तो इंग्लंडच्या रक्षक संताचा, सेंट जॉर्जचा दिवस आहे आणि शेक्सपिअरचा मृत्यूही १६१६ मध्ये त्याच दिवशी झाला. तारीख इतकी शोभिवंत असली, की ती निवडण्याचा मोह कवीच्या चरित्रकारांना आणि चित्रकाराला आवरला नसावा, असे मला वाटते. परीक्षेत लिहिताना ‘परंपरेनुसार’ हा शब्द आधी घालावा.

प्रश्न : एकाच दिवशी, एकाच वर्षी जन्मलेली आणि एकाच क्षेत्रात नाव मिळवलेली ब्रिटिश जोडी आहे का? (एक क्रिकेटप्रेमी वाचक, कोल्हापूर)

उत्तर : जुळी भावंडे चालणार असतील, तर आपल्या क्षेत्रातले उत्तर तयार आहे : ॲलेक आणि एरिक बेडसर. दोघे ४ जुलै १९१८ रोजी रेडिंग येथे जन्मले, आणि एरिक दहा मिनिटांनी मोठे होते. दिसायला इतके सारखे की सहकाऱ्यांचाही गोंधळ होई. दोघेही सरेकडून खेळले. दोघांनीही मध्यमगती गोलंदाजी करण्यात अर्थ नाही म्हणून नाणे उडवले, आणि नाणेफेक हरलेले एरिक ऑफस्पिन टाकू लागले, असा किस्सा सांगितला जातो. ॲलेक यांचे कसोटी पदार्पण १९४६ मध्ये लॉर्ड्सवर भारताविरुद्धच झाले. थोरले पतौडी कर्णधार असलेल्या आणि विजय मर्चंट, विजय हजारे यांच्यासारखे फलंदाज असलेल्या त्या संघाचे त्यांनी पहिल्या डावात ४९ धावांत ७ आणि दुसऱ्या डावात ९६ धावांत ४ बळी घेतले. पुढच्या, ओल्ड ट्रॅफर्डच्या कसोटीतही त्यांना ११ बळी मिळाले. कारकिर्दीअखेर त्यांच्या नावावर ५१ कसोटींत २३६ बळी होते. सरेसाठी वर्षानुवर्षे धावाही करणारे आणि बळीही घेणारे एरिक यांना मात्र इंग्लंडकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.